छत्तीस चादरींचं ऊन

आमच्या लॉजला अठरा खोल्या. म्हणजे छत्तीस चादरी, छत्तीस अभ्रे, छत्तीस टॉवेल. एवढं गणित ज्याला कळत नाही त्याने लॉज चालवू नये, हे मी माझ्या नवऱ्याला लग्न झाल्यापासून ऐकवते आहे. आमच्याकडे उतरणारा माणूस भिंतीचा रंग बघत नाही की पडद्याची नक्षी बघत नाही. दिवसभर कारखान्यात उभा राहून आलेला तो बिचारा बॅग टाकतो, पलंगावर अंग टाकतो, आणि चादर नाकाशी आली की त्याला कळतं, लॉज चांगला की वाईट. बाकी सगळं झूट.

बोईसर स्टेशनातून औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची इमारत आहे. खाली जेवणाचा हॉल, वर तीन मजले खोल्या आणि त्यावर गच्ची. पर्यटक आमच्याकडे येत नाही. आलाच तर चिंचणीच्या समुद्राचा रस्ता विचारायला येतो आणि पाणी पिऊन जातो. आमची गिऱ्हाइकं म्हणजे मशिनं बसवायला आलेले फिटर, कारखाना दुरुस्तीसाठी बंद ठेवला की महिनाभर राहणारे इंजिनिअर, कधी बॉयलर तपासणारे साहेब. ही माणसं एकदा रुळली की वर्षानुवर्षं येतात, आणि एकदा बिनसली की समोरच्या लॉजमध्ये जातात. समोरचा लॉज टपूनच बसलेला असतो.

चादरींचं सगळं खातं मावशीकडे होतं. वयाने ती माझ्यापेक्षा लहान, पण सगळा स्टाफ मावशी म्हणतो म्हणून मीही तेच म्हणते. ती डोंगराकडच्या पाड्यावरची. तिथं पावसाच्या भरवशावरचा भाताचा तुकडा आहे, तो दिवाळीपर्यंत पुरतो. दिवाळी झाली की अर्धा पाडा वीटभट्टीवर जातो आणि पाऊस तोंडावर आला की परततो. मावशीनेही लग्नानंतर पाच-सहा वर्षं भट्टी केली. मग नवऱ्याला घेऊन कुंभवलीला भाड्याची खोली केली आणि आमच्याकडे लागली. लागताना तिने पगारसुद्धा विचारला नव्हता. एवढंच म्हणाली होती, "बाय, बारा महिने काम देशील का? मना भट्टीवर नाय जायाचा."

बारा महिने काम होतंच. धुवायला खाली मशीन होतं, पण मशीन काय, कुणीही चालवील. खरं काम गच्चीवर. सहा ओळींत दोऱ्या बांधलेल्या, आणि त्यांवर मावशीचं राज्य. कुठली ओळ आधी वाळते, टॉवेल कुठे टाकायचे, हे ती ठरवणार. पावसाळ्यात ताडपत्री बांधून तिथंच. आमच्याकडे वाऱ्याचंही एक त्रांगडं आहे. वसाहतीकडून वारा फिरला की कुठल्यातरी धुराड्यातून काळी भुकटी येते, आणि पांढऱ्या चादरीवर तीळ पेरल्यासारखी बसते. मावशीला हे आधी कळायचं. खालून हाक मारावी तर ती दोन्ही खांद्यांवर चादरी टाकून जिन्यात उतरत असायची. "वारा फिरला, बाय." पाच मिनिटांनी बघावं तर गच्चीचा कठडा काळा. कसं कळतं विचारलं की म्हणायची, "कसा म्हंजे? कलतो." मी बोईसरमध्ये इतकी वर्षं काढली, मला कधी कळलं नाही.

तर असं सगळं बरं चाललेलं होतं, आणि बरं चाललेलं आमच्या घरात कुणाला बघवत नाही.

एका कंपनीच्या दहा खोल्या आमच्याकडे कायमच्या असतात. दहा खोल्या म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त लॉज. तिथला एक साहेब, बोलायला गोड, हॉलमध्ये बसून सुरमई खाता खाता म्हणाला, "आमच्या हेड ऑफिसचं आता धोरण आलंय. आमची माणसं उतरतात त्या हॉटेलांना सोलर पाहिजे. तुमच्याकडे नाही ना?" माझा नवरा त्याच्या ताटात आणखी एक तुकडी वाढत होता. तो म्हणाला, "करतोय की साहेब. महिन्याभरात बसतंय." मी काउंटरवरून ऐकत होते. महिन्याभरात काय, सोलरची एक जाहिरातसुद्धा तोवर आमच्या घरात कुणी वाचली नव्हती. पण माझ्या नवऱ्याला समोरच्याला नाही म्हणता येत नाही. नाही हा शब्द त्याने फक्त माझ्यासाठी राखून ठेवला आहे.

आठवड्याभरात एक तरुण आला. पायात पांढरे बूट, हातात टॅबलेट. वसईहून आलो म्हणाला. तो गच्चीवर चढला, चारी कोपऱ्यांत फिरला, आकाशाकडे बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, एकदम फर्स्ट क्लास धूप है आपके पास." जसं काही ते ऊन त्यानेच वसईहून आणलं होतं. मग त्याने टॅबलेटवर नकाशा काढला. पाण्याची टाकी काढली, जिन्याची खोली काढली आणि उरलेल्या गच्चीवर निळे चौकोन मांडत गेला. तो दोऱ्यांमधून वाकून वाकून फिरत होता, एकदा तर ओली चादर त्याच्या तोंडावर आपटली. पण नकाशात दोरी एकही नाही.

मी विचारलं, "आणि चादरी?"

"चादर का हो जाएगा, मॅडम."

"कुठे हो जाएगा?"

त्यावर नवरा म्हणाला, "बघू गो."

या 'बघू'वर मी स्वतंत्र ग्रंथ लिहू शकते. त्या तरुणाने खरं तर एक रस्ता सांगितला होता. उंच लोखंडी मांडणी करून पॅनेल डोक्यावर बसवता येतात, खाली माणूस उभा राहू शकतो, दोऱ्याही राहतात. पण समुद्राचा वारा जोराचा, त्यासाठी वेगळा आराखडा लागेल, वेगळी तपासणी, दोन-तीन महिने. साहेबाला तर महिना सांगून बसलेले. मग ठरलं की बुटकी मांडणी करायची, गुडघ्याएवढी. लॉज माझ्या नावावर आहे, म्हणून कागद माझ्यासमोर आला. मी चिडचिड केली, पेन आपटलं, नवऱ्याला दोन गोष्टी सुनावल्या आणि सही केली. माझं हे नेहमीचं आहे. मी भरपूर बोलते, आणि बोलून झालं की जिथं सांगतील तिथं सही करते.

मावशी त्या दिवशी अभ्रे काढत होती. तिने विचारलं, "बाय, दोऱ्या कुठं बांधायच्या?" मी म्हटलं, "करू काहीतरी. तुझं काम कुठं जात नाही." तिने मान हलवली. माझ्या शब्दावर तिचा विश्वास होता, आणि तेव्हा माझाही होता.

गणपती झाल्यावर पाऊस विरळ झाला आणि पॅनेल चढली. चार दिवस ठोकाठोकी. दोऱ्या कापून त्यांनी गच्चीच्या दाराशी गुंडाळा करून ठेवल्या. सगळं झाल्यावर नवऱ्याने नारळ फोडला, पेढे वाटले आणि मोबाइलवर ते ॲप उतरवून घेतलं. कुठल्या वेळी किती वीज होते ते त्यात रेघेने दिसतं. तेव्हापासून हा माणूस क्रिकेटचा स्कोअर बघावा तसा दिवसभर ती रेघ बघू लागला. ढग आला की "गेली, गेली!" आणि ढग हटला की "आली!" जेवणाच्या हॉलमध्ये पाच टेबलं खोळंबलेली आणि हा खिडकीतून ढगाला हात करतोय.

इकडे माझ्यापाशी छत्तीस ओल्या चादरी. पहिले काही दिवस त्या जिन्याच्या कठड्यावर टाकल्या. वर जाणारा प्रत्येक माणूस ओला होऊन वर जायचा. मग व्हरांड्यात पंखे लावून वाळवल्या, तर त्यांना कुबट वास यायला लागला. रस्त्याच्या बाजूच्या कठड्यावर टाकल्या तर रिक्षांची धूळ. शेवटी एकदा जेवणाच्या हॉलमधल्या खुर्च्यांच्या पाठींवर अभ्रे पसरले, आणि एका पाहुण्याने त्याला हात पुसले. नवऱ्याला सांगावं तर म्हणायचा, "आज बघ किती वीज झाली!" मी म्हटलं, "चादर वाळते का त्या विजेने?" या प्रश्नाचं मला पुढे इतकं चोख उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

उपाय मावशीनेच काढला. एकदा अकराच्या सुमाराला ती खाली आली, माझा हात धरून गच्चीवर घेऊन गेली. पॅनेलच्या तीन रांगांवर चादरी अंथरलेल्या, सुरकुती म्हणून नाही. "हात लाव," म्हणाली. लावला. कडकडीत वाळलेल्या, इस्त्री केल्यासारख्या. पॅनेल उन्हाने तापलेली असतात, त्यांवर चादर पंधरा मिनिटांत वाळते. मला इतका आनंद झाला की मी तिला मिठीच मारली. पॅनेल झाकली की वीज होत नाही, हे मला काय कळत नव्हतं? कळत होतं. पण तासाभराचा तर प्रश्न, असं मी स्वतःला समजावलं. आम्ही दोघींनी कुणाला सांगितलं नाही. रोज अकरा ते बारा.

रोज अकरा वाजता नवऱ्याची रेघ खाली पडायला लागली. आकाश निरभ्र, आणि रेघ धाडकन खाली. त्याने वसईला फोन केला. पांढरे बूट आले दुपारी, तेव्हा सगळं ठीक. त्याने भिंतीवरच्या डब्याची एक वायर बदलली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुन्हा आला, अख्खा डबा उघडला, आपल्या वरच्या माणसाशी फोनवर तास घालवला. मी त्याला चहा पाजला, गप्प राहिले. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. तिसऱ्या वेळी मात्र तो सकाळी दहालाच येऊन गच्चीवर दबा धरून बसला, आणि मावशी चादरींचा गठ्ठा घेऊन वर गेली.

त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. "मॅडम, ये पॅनेल है, पलंग नहीं है!" असं केलं तर गॅरंटी जाईल म्हणाला. नवऱ्याला वीज गेल्याचं दुःख कमी आणि मी गुपचूप त्या तरुणाला चहा पाजत राहिल्याचं जास्त. पण ओरडला तो मावशीवर. "अक्कल आहे की नाही तुला?" मी म्हटलं, "तिला नाही, मला विचार. मला ठाऊक होतं." तरी तो दिवसभर तिच्याकडेच रागाने बघत राहिला. माझ्याकडे बघायची त्याची हिंमत नव्हती.

आता त्याने मनावर घेतलं. त्याची आत्या तारापूरच्या बाजूला किनाऱ्यावर राहते. आमचं माहेर-सासर दोन्ही मासेमारीवाल्यांचं, आत्या अजून बोंबील वाळवते. त्यासाठी वाळूवर बांबू आणि दोऱ्यांच्या उंच मांडण्या असतात, वलांड्या म्हणतात त्यांना. आत्याचं वय झालं, आता अर्ध्याच वलांड्या भरतात. तिला विचारलं तर खूश. "रिकाम्याच हायत, घेऊन ये नि वाळव. पोराच्या चादरींना काय नाय बोलायचा?" झालं. रोज सकाळी टेम्पोत ओल्या चादरी तारापूरला, दुपारी वाळलेल्या परत. मावशी बरोबर जायची. मीही एकदा गेले. समोर समुद्र, एका बाजूला बोंबलांच्या माळा आणि एका बाजूला माझ्या पांढऱ्या चादरी वाऱ्यावर फडफडत होत्या. मला भरून आलं. नवऱ्याला म्हटलं, जन्मात पहिल्यांदा काहीतरी बरं सुचलं तुला.

पहिल्याच दिवशी परतताना मावशी टेम्पोत म्हणाली होती, "बाय, मासलीचा वास येतो."

मी चादर नाकाशी नेली. छान, मोकळ्या हवेचा वास. नवऱ्यानेही घेतला. "कुठं गो? काहीच नाय." आमच्या आचाऱ्याने घेतला, तो सातपाटी बंदरावरचा. "फ्रेश आहे." आम्ही तिला हसलो. नवरा म्हणाला, "डोंगरातल्या नाकाला समुद्राची सवय नाय." दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली, तिसऱ्या दिवशीही म्हणाली. मग तिने सांगायचं सोडलं.

चौथ्या दिवशी कंपनीचे दोन इंजिनिअर सकाळी काउंटरवर आले. एक नागपूरचा, एक इंदूरचा. इंदूरचा पक्का शाकाहारी. तो हात जोडून म्हणाला, "भाभीजी, रात भर सपने में मछली आती है." नागपूरचा म्हणाला, कामावर सगळे विचारतात, नाश्त्याला काय खाऊन आलात. मी वर जाऊन अठराही खोल्यांच्या चादरी हुंगल्या. एकाही चादरीला मला वास आला नाही. बोंबलावर वाढलेलं नाक ते, त्याला बोंबील कसा कळणार? अख्ख्या लॉजमध्ये एकच नाक कामाचं होतं आणि त्यालाच आम्ही हसत होतो. शिवाय खाऱ्या वाऱ्याने चादरी रात्री ओलसर, चिकट होतात, ते वेगळंच. छत्तीसच्या छत्तीस चादरी तीन तीन पाण्यांतून काढल्या. मावशीने "मी बोललेला ना" असं एकदाही म्हटलं नाही. म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

दिवाळीच्या आधी नवऱ्याने शेवटचा उपाय आणला, तोही मला न विचारता. टेम्पोतून एक भलंमोठं पेटाऱ्यासारखं मशीन उतरलं. कपडे वाळवायचं मशीन, ड्रायर. "आता वीज आपलीच आहे गो," म्हणाला, "कशाला लोकांच्या पाया पडायचं?" मशीन सुरू केलं. चादरी आत फिरायला लागल्या, बाहेर गरम वाफ. तासाभरात वाळल्या. नवऱ्याने ॲप उघडलं, आणि मी पहिल्यांदाच ते नीट बघितलं. गच्चीवर जेवढी वीज होत होती तेवढी सगळीच्या सगळी ते मशीन गिळत होतं. हॉलचे पंखे, खोल्यांचे एसी पुन्हा होते तसेच बाहेरच्या विजेवर.

त्या मशीनसमोरच मला जे हसू फुटलं ते थांबेना, आणि मधेच कधी त्याचा संताप झाला ते कळलं नाही. मी म्हटलं, "अरे, गच्चीवर ऊन पडत होतं. त्यात चादरी वाळत होत्या. आपण काय केलं? चादरी काढल्या, उन्हाची वीज केली, ती वायरीतून तीन मजले खाली आणली आणि त्या विजेने चादरी वाळवतोय! हा द्राविडी प्राणायाम कुणाच्या डोक्यातून निघाला?" नवरा म्हणाला, "पण सोलर तर झालं ना." या माणसाशी कुणी वाद घालावा? रोग परवडला, पण औषध नको, अशी माझी गत झाली होती.

आणि मग ती गोष्ट समोर आली जिच्याकडे मी इतके दिवस बघत नव्हते. ड्रायरला माणूस लागत नाही. धुवायच्या मशीनवर असलेला झारखंडचा कामगार तेही चालवतो. मावशीला उरल्या फक्त घड्या. घड्या अर्ध्या तासात होतात. उरलेला दिवस ती मशीनशेजारी स्टुलावर बसायची, हात मांडीवर ठेवून. इतकी वर्षं मी तिला कधी बसलेली बघितली नव्हती. नवऱ्याने दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी म्हणाला, "हिला आता कशाला?" मी त्याच्यावर ओरडले. इतकी ओरडले की खालचे जेवणारे वर बघायला लागले.

पण ओरडून काम तयार होत नाही. मी शोधलं. पॅनेलवर वसाहतीची काळी भुकटी बसायची आणि नवऱ्याची रेघ बारीक व्हायची. पांढरे बूट म्हणाले, पंधरवड्याला पुसून घ्या. ते मी मावशीला दिलं. तिने एका सकाळी सगळी पॅनेल आरशासारखी केली. रेघ वर गेली, नवरा खूश. पण ते पंधरवड्यातून एका सकाळचं काम. खोल्या पुसायला ठेवावं तर तिथं दोघी आधीच आहेत, त्यांच्यातल्या कुणाला काढू? स्वयंपाकघरात म्हणावं तर ती मासे साफ करत नाही. मी म्हणायची, "थांब जरा, साहेब सोलर तपासायला येणार आहे, ते होऊन जाऊ दे. मग उंच मांडणी करून घेते, दोऱ्या पुन्हा बांधू." नवरा म्हणायचा, "बघू." तेवढ्यात दिवाळी झाली. मावशीच्या पाड्यावर मुकादम फिरायला लागला होता, यंदाच्या भट्टीसाठी माणसं जमवत. तिच्या नवऱ्यालाही वसाहतीत रोजचं काम मिळेनासं झालं होतं. ती मला रोज काहीतरी विचारायला यायची आणि न विचारता परत जायची.

तपासणीचा दिवस आला. नवऱ्याने नवा शर्ट घातला. मावशीला सकाळीच पॅनेल पुसायला वर पाठवलं, म्हणजे साहेबाला चकचकीत दिसतील. साहेब आला, बरोबर हेड ऑफिसची एक बाई, तिच्या हातात छापील फॉर्म. आम्ही सगळे गच्चीवर गेलो. मोबाइलवर रेघ दाखवली. फोटो काढले. ड्रायर त्यांनी खाली बघितलाच होता. बाईने विचारलं, "पूर्वी चादरी कशावर वाळवत होतात?"

मी म्हटलं, "उन्हात."

"म्हणजे मशीनशिवाय?"

"मशीनशिवाय."

तिने फॉर्मवर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं देव जाणे. पुढचा रकाना होता, स्थानिकांना रोजगार. नवरा लगेच पुढे झाला. कोपऱ्यात मावशी फडकं घेऊन उभी होती, तिला त्याने हाताने पुढे केलं. "या आमच्या मावशी. सगळी पॅनेल याच सांभाळतात." बाईचा चेहरा खुलला. तिने मावशीला पॅनेलशेजारी उभं करून फोटो काढला आणि गोड आवाजात विचारलं, "मावशी, सोलरमुळे तुमचा काय फायदा झाला?"

मावशीने आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मना काय फायदा? दोऱ्या गेल्या, काम गेला. सोमवारी मी भट्टीवर चालली."

मला हे ठाऊक नव्हतं. तिने मला सांगितलं नव्हतं, की सांगायला आलेली असताना मी ऐकलं नव्हतं, कोण जाणे. बाईचं पेन थांबलं. साहेब नवऱ्याकडे बघायला लागला. नवरा हसला आणि म्हणाला, "रजेवर जातेय म्हणते ती. गावी. दिवाळीनंतर जातात ना ही माणसं, तशी."

बाई माझ्याकडे वळली. "हो का? रजेवर?"

सगळे माझ्याकडे बघत होते. दहा खोल्या होत्या त्या. समोरचा लॉज होता, तिथंही गेल्याच महिन्यात पॅनेल लागली होती. मी आयुष्यभर तोंडाचा पट्टा सोडत आले, नवऱ्यावर, पांढऱ्या बुटांवर, साहेबावर, वाऱ्यावर. त्या वेळी मला एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक. मी म्हटलं, "हो. रजेवर."

बाईने ते लिहून घेतलं. कर्मचाऱ्यांना हंगामी रजा, चांगला मुद्दा आहे म्हणाली. मावशीने फडकं बादलीत पिळलं आणि राहिलेलं पॅनेल पुसायला घेतलं. मला तिच्या तोंडाकडे बघवलं नाही.

आठवड्याभरात मंजुरीचं पत्र आलं. दहा खोल्या राहिल्या. त्या आधी सोमवारी सकाळी मावशी मला भेटायला आली. खाली रस्त्यावर तिचा नवरा अंथरुणाची वळकटी घेऊन उभा होता. मी तिचा हात धरला. मला इतकी लाज वाटत होती की मी बोलतच सुटले. उंच मांडणी करून घेते, यंदा नक्की, सहा ओळी दोऱ्या बांधते, तू परत ये, तुझी जागा तुझीच आहे.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग माझा हात सोडवून डोक्यावरचा पदर नीट केला. ती हसली नाही, रागावलीही नाही.

"येन ना, बाय," म्हणाली. "रजा सरली का येन."